तयारीचं ब्लेड

आमच्या गावात बाई आंघोळ करायची ती लुगड्यासकट. बेल्याच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे, कापसाच्या शेतांमधे आमचं गाव. न्हाणी म्हणजे तीन बाजूंना पऱ्हाट्यांचा कूड, चौथ्या बाजूला जुनं लुगडं टांगलेलं आणि मधे एक फरशी. आई त्या फरशीवर बसून ओल्या लुगड्याच्या आतूनच साबण फिरवायची, मग कोरडं लुगडं वरून घेऊन ओलं खालून सोडून द्यायची. कूड नसता तरी कोणाला काही दिसलं नसतं, इतका तिचा हात बसलेला. डोक्याच्या केसांवर मात्र आमच्या घरात दिवसभर बोलणं चालायचं. तेल कोणतं लावलं, उवा कोणाकडून आल्या, कोणाची वेणी ढिली, कोणाचा अंबाडा खोटा. बाकी अंगाला केस असतात ह्याचा कोणी उच्चारसुद्धा करत नसे. मी जन्माची भोचक. बाबा शाळामास्तर होते, ते म्हणायचे, "हे पोट्टी रडली नाई, 'काऊन' म्हनतच आली." पण ह्या एका गोष्टीबद्दल 'काऊन' विचारावं असं माणूस घरात नव्हतं, आणि विचारायला शब्दही नव्हता.

तो शब्द मला मिळाला कमलआत्याच्या घरी. एकविसावं संपलं आणि मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला आदिलाबादला आले, तेव्हा राहायला दुसरीकडे कुठे जाणार? आत्या बाबांची मोठी बहीण. आमच्या खानदानात पहिल्यांदा पांढरी साडी नेसून पगार आणणारी बाई ती. दवाखान्यात जचकीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या, वॉर्डाची इन्चार्ज. दवाखान्याचं नाव नको लिहायला, आता तिथं सगळंच बदललं आहे. घर दोन खोल्यांचं, मागे जिनिंगची मिल. कापसाचा हंगाम लागला की मिलची घरघर पहाटेपासून सुरू व्हायची आणि उडून आलेली रुई तव्यावरच्या भाकरीलाही चिकटायची. आत्या ती चिमटीनं काढून टाकायची आणि चिडायची. तिला घाण खपत नसे. भांडी राखेनं घासून पुन्हा साबणानं घासायची. अंबाडीची भाजी इतक्या पाण्यांत धुवायची की शेवटी आंबटपणाच जायचा आणि शेजारच्या तेलुगू बाईकडून पचडी, तिची आंबट चटणी, मागून आणावी लागायची. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या काचेवर मी कधी बोट उमटलेलं पाहिलं नाही.

मी आले त्याच संध्याकाळी आत्यानं मला जवळ बसवून घेतलं आणि नखं बघितली. मग सरळ म्हणाली, "हे बघ बेबे, नखं आनं खालचे केस, दोनी वाढू द्याचे नाई. न्हाणीत कोनाड्यात डबी हाय. रविवारी आंग धुशीन तवा काढत जाय." झालं. एवढंच. मी आयुष्यभर जे कोणाला विचारू शकले नव्हते, ते तिनं भाकरीचं पीठ मळता मळता सांगून टाकलं. मी लाजेनं लाल झाले, पण आत कुठेतरी बरंही वाटलं. म्हणजे सगळ्यांनाच असतात तर! आणि त्याला 'खालचे केस' म्हणतात. मी रविवारी डबी उघडली, आत्यानं सांगितलं तसं केलं, आणि पुढचा आठवडाभर खाजवून खाजवून वेडी झाले. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "सवय होते." तिची झाली होती की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

वॉर्डात माझ्याकडे आलेलं पहिलं कामही तेच निघालं. जचकीला आलेल्या प्रत्येक बाईची आधी तयारी करायची. तयारी म्हणजे पोट साफ करायचं आणि खालचे केस काढायचे. हिरवा पडदा ओढायचा, ट्रेमधे कोमट पाणी, साबण, कापूस, आणि अर्धं मोडलेलं ब्लेड चिमट्यात धरलेलं. पहिल्या दिवशी मी चिमटा धरून नुसतीच उभी राहिले, तेव्हा त्या बाईनंच मला धीर दिला. म्हणाली, "कर माय, चौथं लेकरू हाय माह्यं, मले आता काई लाज नाई." त्यानंतर मी वर्षभर रोज हेच करत राहिले. आणि हात बसला तशी माझी मूळची खोड वर आली. मी विचारू लागले.

काय काय ऐकलं म्हणून सांगू बाप्पा! मुसलमान बाया यायच्या त्या घरूनच साफ होऊन यायच्या, आणि माझं ब्लेड पाहून नाक मुरडायच्या. एक बुजुर्ग अम्मा सुनेजवळ बसली होती, ती म्हणाली, "हमारे में चालीस दिन से उप्पर रखतेच नै बेटी, तुम क्या सिखाते." एक तेलुगू शिक्षिका आली, तिनं क्रीम लावलं होतं. मला वाटलं काही रोग आहे की काय, इतकं साफ. ती कानात म्हणाली, नवऱ्यानं वारंगलहून आणून दिलं, माझ्या आईला सांगू नका. आणि लगेच शेजारच्या खाटेवर आमच्याकडची एका किराणावाल्याची बायको. तिनं जन्मात कधी हात लावला नव्हता. का म्हणून विचारलं तर डोळे मोठे करून म्हणाली, "अवो, नवऱ्यानं पाह्यलं तं इचारंन ना, हे कोनासाठी केलं म्हनून!" आता बघा. एका खाटेवर नवरा स्वतः क्रीम आणून देतो आणि हातभरावरच्या दुसऱ्या खाटेवर त्याच गोष्टीनं बाई बदनाम होते. मधे फक्त माझा हिरवा पडदा.

उटनूरकडची एक गोंड बाई आली होती, तिची आई सोबत. मी ट्रे घेऊन गेले तर म्हातारी आधी ब्लेडकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मग तिनं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "गाय व्याते तवा गायीचीबी करते का तू?" पडद्याआड आम्ही तिघी हसलो, कळा चालू असताना ती पोरगीसुद्धा हसली. संध्याकाळी मी जेवताना आत्याला हे सांगितलं. मला वाटलं तीही हसेल. आत्यानं घास खाली ठेवला. "त्यांनी म्हनलं तं चालते," ती म्हणाली. "आपन नाई म्हनू शकत." काय नाही म्हणू शकत, ते मला तेव्हा कळलं नाही. मी अंबाडीची भाजी पुढे ओढली आणि जेवले.

आता माझी भाची हैदराबादला नोकरी करते, तिशीला आली. गेल्या दिवाळीत ती मला पार्लरच्या दरापासून लेझरच्या सिटिंगपर्यंत सगळं सांगत होती, चहा पिता पिता, तिच्या आईसमोर. तिची एक मैत्रीण अजिबात काढत नाही, ठरवून. दुसरीचं लग्न ठरलंय, ती सारखी विचारत असते, होणाऱ्याला काय आवडत असेल म्हणून. मी भाचीला विचारलं, आणि तुला? ती म्हणाली, "मावशी, मला मूड असेल तसं." मी म्हटलं वा गं वा, मूड! आमच्या वेळी बाईला भूक लागली तरी मूड नव्हता. ती हसली, पण मला आत कुठेतरी तिचा हेवा वाटला, खरंच वाटला.

तर आता गिरजाची गोष्ट, माझ्या त्या ट्रेनिंगच्या वर्षातली. कापसाचा हंगाम भरात होता, दुपारची वेळ. बेल्याच्या बाजूनं एक जीप आली. वांगी-मिरचीवाल्या माळ्याची सून, पंचविशीची, कळा सुरू झालेल्या. सोबत सासू आणि नवरा. गिरजाची आधीची दोन्ही लेकरं घरीच झाली होती, आणि दोन्ही जन्मली ती थंडच. ह्या खेपेला डॉक्टरबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, की कळा लागल्या की थेट इथे यायचं, घरी अजिबात ठेवायचं नाही. मी ट्रे घेऊन गेले, पडदा ओढला, साबण कालवला. चिमटा हातात घेतला आणि गिरजानं माझं मनगट पकडलं. एवढ्या कळांत तिला इतका जोर कुठून आला कोण जाणे.

"लोखंड नाई लावाचं," ती म्हणाली.

मी म्हटलं दुखणार नाही, हलक्या हातानं करते. ती मनगट सोडेना. तेवढ्यात सासू पडद्याच्या आत शिरली, तिनं सुनेच्या अंगावर लुगडं ओढलं, माझा ट्रे पायानं बाजूला सारला आणि म्हणाली, "नाई लावाचं मनलं ना बाई. आमाले नाई पायजे तुमची तयारी." ट्रेमधलं पाणी फरशीवर सांडलं. आवाजानं आत्या आली. वॉर्डात ती माझी आत्या नसायची, कमल सिस्टर असायची. मी सांगितलं, बाई तयारीला नाही म्हणते. आत्यानं सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग कोपऱ्यात त्यांनी घरून आणलेल्या पाण्याच्या कळशीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा बंद झाला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"काऊन नाई?" आत्यानं विचारलं.

"नवस हाय," सासू म्हणाली.

"नवस," आत्या म्हणाली. "असे नवस मी लय पाह्यले." मग तिनं अगदी हळू आवाजात सांगितलं, की तयारीशिवाय ह्या वॉर्डात बाई टेबलावर जात नाही, हा नियम आहे. पटत नसेल तर घेऊन जावं. आणि ती सरळ तिच्या खुर्चीवर जाऊन बसली. इकडे सासूनं खरोखरच गाठोडं बांधायला घेतलं. गिरजा रडत नव्हती, ओरडतही नव्हती. खाटेच्या दांडीला धरून उठायला बघत होती. बेल्याचा रस्ता तेव्हा कसा होता हे ज्यानं पाहिलं आहे त्याला सांगायला नको. त्या रस्त्यानं जीपमधे घालून परत नेली असती तर तिसरंही लेकरू गेलं असतं, आणि कदाचित तीही. हे मला दिसत होतं, आत्याला दिसत होतं, सासूलाही दिसत असेल. तरी तिघी आपापल्या जागी घट्ट.

मी गिरजाजवळ वाकले आणि जे मला येतं तेवढंच केलं. विचारलं, "काऊन वो बाई? नवस कायचा?"

ती कळ जाईपर्यंत थांबली. मग सांगितलं. दुसरं लेकरू गेलं तेव्हा नवराबायको दोघं माहूरला गेले, रेणुकेसमोर बोलून आले. लेकरू जित्तं घरी येऊ दे, त्याच्या जावळालाच पहिला वस्तरा लागेल. तोवर आमच्या दोघांच्याही केसाला लोखंड लागणार नाही. कुठल्याच केसाला नाही. "तेनंबी नाई लावलं," ती म्हणाली. "बाहीर जाऊन पाहा."

आता मी कोणत्या घरची? आमच्याकडे नवसाला जागा नाही. बाबांनी लहानपणापासून शिकवलं होतं, की देवाशी सौदा करणाऱ्याला देवही ओळखत नाही. मी मनात म्हटलंच, काय हे खूळ. पण खोड ती खोड, बाहेर जाऊन पाहिलं. लिंबाखाली तिचा नवरा बसला होता. केस खांद्यावर आलेले, दाढी छातीवर, आणि दाढीत रुईचे तुकडे अडकलेले. मी जवळ गेले तर घाबरून उभाच राहिला. म्हणाला, "बाई, काई झालं काय?" मी म्हटलं काही नाही, नुसतं पाहायला आले. मी त्याची दाढीच पाहायला आले हे त्यालाही उमगलं असावं. कसनुसा हसला. "मी तं पार बैरागीच झालो वो," तो म्हणाला. "बाजारात भाजी घेऊन बसलो का बाया पायावर पैसे ठेवून जाते. मिरच्या कोनी घेत नाई." आणि हे बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दाढीत जिरत गेलं.

मी आत आले आणि खुर्चीसमोर उभी राहिले. "आत्या," मी म्हटलं. वॉर्डात मी तिला अशी हाक कधी मारली नव्हती. "खरा नवस हाय. त्याची दाढी पाह्य जाऊन."

"मले दाढी नको दाखवू," ती म्हणाली. "तुले काय मालूम बेबे? त्यांची कळशी पाह्यली का? आपल्या नळाचं पानी चालत नाई, आपला हात चालत नाई. तोंडानं मनत नाई, नवस मनते." मग ती बोलत गेली, माझ्याकडे न पाहता, टेबलावरची सुई-दोऱ्याची पेटी सरळ करत करत. तिची पहिली बदली बाहेर एका गावात झाली होती. तिथे एका बाईनं रक्त जात असतानाही तिला हात लावू दिला नाही. दुसरी नर्स सायकलवर बोलावून आणेपर्यंत वाट पाहिली. आणि आत्या ज्या खाटेला टेकली होती ती खाट नंतर त्यांनी धुऊन काढली. "त्या दिवसापासून," आत्या म्हणाली, "माह्या हाताखालून बाई जाईन तं अशी चकचकीत जाईन का कोनाची बोट दाखवाची हिंमत नाई. घान मनाले जागाच ठेवाची नाई मी. समजलं काय तुले?"

मला समजलं. रविवारची डबी समजली, तसबिरीची काच समजली, अंबाडीची सात पाण्यांत धुतलेली भाजी समजली. आणि मला त्याच वेळी हेही समजत होतं, की आत खाटेवर एक बाई उठून उभी राहते आहे आणि तिचं लेकरू आज मेलं तर ते ह्याच्यापायी मरेल. मी म्हटलं, "आत्या, तू तिले इचारलंच नाई. सासूले इचारलं."

तेवढ्यात आतून गिरजाचा आवाज आला. तो आवाज जचकीच्या वॉर्डात काम केलेल्या बाईला झोपेतही ओळखू येतो. पोराचं डोकं खाली सरकलं की बाईचा आवाज बदलतो. आत्या उठली. पडदा बाजूला सारून आत गेली. सासू गाठोडं छातीशी धरून उभी होती, तिला ओलांडून ती थेट गिरजाच्या तोंडासमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "खरं सांग मले. ब्लेड नको का मी नको?"

वॉर्डात इतर दोन खाटा होत्या, त्यांच्यावरच्या बायाही कुशीवर वळून पाहू लागल्या. गिरजानं आत्याकडे असं पाहिलं जसं काही आत्यालाच वेड लागलं आहे. "तुमी काऊन नको?" ती म्हणाली. दम लागत होता, तुटक तुटक बोलत होती. "तुमी नसान तं कोन काढंन त्याले? तुमच्यासाठीच आली ना मी इथं. ब्लेड नको. तुमी पायजे." आणि तिनं आत्याचा हात पकडला तो तसाच, मनगटापासून, माझा धरला होता तसा.

सासूच्या मनात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. ती कळशी खरंच कशासाठी आणली होती, मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी खरं उत्तर आलं असतं असं नाही. ती गाठोडं घेऊन भिंतीला टेकली आणि पुटपुटत राहिली. आत्यानं मला डोळ्यांनी खूण केली. आम्ही दोघींनी मिळून गिरजाला टेबलावर घेतलं. साबण आणि कोमट पाण्यानं सगळं नीट धुतलं, औषध लावलं, आणि ब्लेडचा ट्रे मी खालच्या फळीवर सरकवून दिला.

डॉक्टरबाई आल्या त्या हातमोजे चढवतच. त्या तेलुगू, घाईत त्यांच्या तोंडून तेलुगूच यायचं. "प्रिप अयिंदा, सिस्टर?" त्यांनी विचारलं. म्हणजे तयारी झाली का. माझा जीव कानात आला. आत्या नुसतं हो म्हणाली असती तरी चाललं असतं, पोराच्या घाईत त्या केसांकडे काय बघणार होत्या? आणि नाही म्हणाली तर तिची इतक्या वर्षांची शिस्त, तिचं नाव, सगळं पणाला. मी तर ट्रेनिंगवाली, माझं काय, हाकलून दिलं असतं की गावी जाऊन भाकरी थापल्या असत्या.

"लेदु मॅडम," आत्या म्हणाली. "केली नाई. बाईची मर्जी नाई. काई झालं तं माह्यावर."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. आत्याच्या तोंडून त्यांनी असं वाक्य कधी ऐकलं नसणार. मला वाटलं आता भडका उडेल. त्या म्हणाल्या, "सरे," म्हणजे ठीक आहे, आणि कामाला लागल्या. मला अजून हसू येतं. आम्ही ज्याच्यासाठी आकाशपाताळ एक केलं होतं, ते त्यांच्या लेखी 'सरे' होतं.

मुलगी झाली. निळसर पडली होती आणि आवाज नव्हता. आत्यानं तिला पालथी घेऊन पाठ चोळली, तोंड साफ केलं, तळपायावर टिचक्या मारल्या, आणि सगळा वेळ तिच्याशी भांडल्यासारखी बोलत होती, "रड व माय, रड, रड ना वो, तुह्यापायी काय काय केलं." ती रडली. बारीक, मांजराच्या पिलागत, मग मोठ्यानं. बाहेर लिंबाखालून तो दाढीवाला धावत आला आणि दारातच थांबला, आत यायची हिंमत होईना. मी ओरडून सांगितलं, पोट्टी हाय, जित्ती हाय! तो तिथंच मटकन खाली बसला. टाके थोडे पडले. आत्यानं सुई धरून दिली. केस ठेवले की सुई अडकते म्हणायचे, पण तशी काही अडकली नाही. हे मी मुद्दाम पाहिलं.

त्या संध्याकाळी आत्यानं काही धुतलं नाही. मी भाकरी केल्या, ती पाटावर नुसती बसून राहिली. मिलची घरघर चालू होती. मी हळूच विचारलं, "आत्या, आपन तयारी करतो ते काऊन? शास्त्रात काय हाय?" ती म्हणाली, "मले शिकवलं तसं मी करते. जिनं शिकवलं तिलेबी मी इचारलं नाई." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मलेबी खाज येते. इतक्या वर्षांत सवय नाई झाली." मी हसायला लागले. तिला राग येईल वाटलं, पण तीही हसली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडू दिलं. माझं शिकणं त्या वॉर्डात झालं म्हणतात लोक, पण खरं ते त्या पाटावर झालं.

आता सगळीकडे सांगतात, की जचकीसाठी केस काढायची गरज नाही, उलट बारीक कापून जखमा होतात, खाज सुटते. ट्रेनिंगच्या पोरींना हे पहिल्या दिवशी शिकवतात, तेव्हा त्या वहीत लिहून घेतात आणि पुढच्या ओळीला जातात. मी रिटायर होईस्तोवर वॉर्डात होते. नियम बदलायच्या कितीतरी आधी मी विचारून हात लावायला लागले होते. काही बाया म्हणायच्या काढा, काही म्हणायच्या राहू द्या. काहींना प्रश्नच कळायचा नाही. त्या नवऱ्याकडे बघायच्या, सासूकडे बघायच्या. त्यांच्यासाठी मी थांबायचे.

पण गिरजाची गोष्ट अर्धीच सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आत्या राउंडला गेलो. पोरगी छातीशी लागली होती. नवऱ्यानं दारातून पाहून पाहून मान मोडून घेतली होती. आत्या अगदी अदबीनं म्हणाली, "घरी गेल्यावर काई काळजी करू नको. तुह्यं नवसाचं जसंच्या तसं हाय. कोनी हात लावला नाई."

गिरजा म्हणाली, "जावळ लवकर करतो बाई. मंग मी पयले ते काढून टाकीन. मले नाई आवडत ते ठेवनं. लग्नाच्या आदीपासून मी काढतो, माह्या मायनं शिकवलं. नवस बोलली तवापासून जीव कावून गेला नुसता."

आदल्या दिवशीची अख्खी दुपार माझ्या डोळ्यांपुढून गेली, सांडलेलं पाणी, बांधलेलं गाठोडं, सगळं.

"अवो मंग एवढी भांडली काऊन?" मी म्हटलं.

गिरजानं पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं, पदर सारखा केला.

"मी कुठं भांडली?" ती म्हणाली. "मी तं फक्त नाई मनलं. भांडले तं तुमी लोकं."